ड्रायव्हरला वाटेत उतरवलं

महावीर जयंतीला आमच्या महिला मंडळानं यंदा 'मन के मंजीरे'वर नाच बसवला होता. एकसारख्या साड्या, हातात टाळ, टाळ्या, वन्स मोअर. नाच छानच झाला. पण मागं जाऊन मुलींना विचारलं, "गाणं कशाबद्दल आहे गं?" तर म्हणाल्या, "काकू, बीट मस्त आहे की!"

तर सांगते. अल्बम 2000 सालचा. आवाज शुभा मुद्गल यांचा, संगीत शंतनू मोइत्रा यांचं, शब्द प्रसून जोशी यांचे. आणि तो काढला होता 'ब्रेकथ्रू' या, बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं. व्हिडिओत मीता वसिष्ठ ट्रक चालवते. छळाचं लग्न मागं टाकून, लेकीला घेऊन निघालेली बाई! मागच्या हौद्यात बायका नाचतायत. ही गोष्ट एका खऱ्या बाईच्या आयुष्यावरून घेतलेली. तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता टीव्हीकडं बघत राहायची आणि तव्यावरची करपायची. घरातल्या हिंसेपासून बाईला संरक्षण देणारा कायदा त्यानंतर आला, 2005 चा.

आणि आपण काय केलं? हौद्यातल्या नाचणाऱ्या बायका तेवढ्या घेतल्या, ड्रायव्हरला वाटेत उतरवलं.

त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये, माहेरी परत आलेली एक मुलगी मागं भांडी पुसत होती. पुढं ये म्हणून तिला कुणी म्हटलं नाही. पंगतीत मात्र तिचाच विषय. "जरा सोसायला पाहिजे होतं. थोरली आहे, पाठच्या बहिणीचं कसं व्हायचं?" मी तिथंच बसले होते. वरणभात कालवत होते. बोलले नाही.

आपण कांदा-बटाटा खात नाही, पाणी गाळून पितो, चातुर्मासात रात्री जेवत नाही. मुंगी वाचावी म्हणून वाट बघून चालतो. हिंसा मनानं, वचनानं, कायेनं होते हे लहानपणापासून पाठ. ती स्वतः केली, दुसऱ्याकडून करवली, की होताना पाहून मान डोलावली, तिन्ही सारखीच, कृत-कारित-अनुमोदना, हेही पाठ. मग हातावर वळ घेऊन आलेल्या लेकीला "जुळवून घे" म्हणून परत गाडीत बसवणं ह्याला काय म्हणायचं? क्षमावाणीच्या दिवशी तर कमालच. ज्यानं मारलं तो क्षमा मागायचा राहतो बाजूला, तिलाच सांगतात, "तू मोठं मन कर."

कुणी म्हणेल, ही घरं मोडायला शिकवते. अहो, घर मारणाऱ्यानं आधीच मोडलेलं असतं. ती फक्त ढिगाऱ्यातून बाहेर येते.

ह्याच अल्बममध्ये 'बाबुल' नावाचं गाणं आहे. मुलगी बापाला विनवते, सोनाराकडं देऊ नको, मला दागिन्यांची हौस नाही. व्यापाऱ्याकडं नको, धनाची नाही. (आपल्यातल्या निम्म्या स्थळांवर इथंच काट!) राजाकडंही नको. लोहाराकडं दे, तो माझ्या बेड्या वितळवेल. बापाला विनवण्या कशाला, स्वतःच निवडावं, असं आताच्या मुली म्हणतील, आणि बरोबरच आहे. पण बायोडाटात पगार, फ्लॅट, तोळे बघणाऱ्या आपण आयांनी एकदा बसून ते ऐकावं.

पुढच्या कार्यक्रमाला 'बाबुल' ठेवू या, असं मी मंडळाच्या बैठकीत सुचवलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "रडकं आहे हो वहिनी, सणासुदीला नको."

मी म्हटलं, "मग कुठल्या दिवशी ठेवायचं, तेवढं वहीत लिहून घ्या."

वही अजून उघडलेली नाही. मी प्रत्येक बैठकीला विचारते.