पडवीतली शाळा

सुपारीच्या कोळेरोगाबद्दल विचारणारी पत्रे आली आहेत, त्यांची उत्तरे पुढच्या खेपेस. आजचा विषय बांधावरचा नाही, घरातला आहे.

काशीदला आगरांच्या कामानिमित्त माझे जाणे-येणे असते. एका अंगाला सुरूचे बन आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला भातखाचरे आणि डोंगर. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी किनाऱ्यावर गर्दी करतात. आणि अशाच गावांत एखाद्या पडवीत सात-आठ वर्षांचे पोर भिंतीला टेकवून बसवलेले असते. नजर नाही, कान नाहीत, मानही धड सावरत नाही. घरचे त्याला वेळेवर भरवतात, न्हाऊ घालतात, कूस बदलतात. मायेत काही कमी नसते. पण 'त्याला काय कळतंय' म्हणून त्याला शिकवत मात्र कोणी नाही.

आता तुम्ही म्हणाल, अशा मुलांच्या शाळा मुंबईला असतात. असतात की. बेरोज वाच्छा यांनी १९७७ साली हेलन केलर यांच्या नावाने तिथे बहिऱ्या व अंध-बहिऱ्या मुलांसाठी संस्था सुरू केली. या हेलनबाई अमेरिकेच्या. दीड वर्षाच्या असताना आजारात डोळे आणि कान दोन्ही गेले. १८८७ साली अ‍ॅन सुलिव्हन या शिक्षिकेने त्यांचा एक हात पंपाच्या धारेखाली धरला आणि दुसऱ्या तळहातावर बोटांच्या खुणांनी 'पाणी' हा शब्द उमटवला. तिथून पुढे त्या शिकत गेल्या. पण ध्यानात घ्या, ती शिक्षिका त्यांच्या घरी राहायला आलेली होती. काशीदच्या आईने लावणी टाकून, पोराला कडेवर घेऊन, रेवसची लाँच गाठून दर आठवड्याला मुंबईला जायचे, हे बोलायला सोपे आहे.

हीच अडचण अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज भागात आली होती. घरे दूर दूर, मुले थोडी. एका शाळेत आणणार कशी? १९६९ साली तिथे उलट रीत धरली. शिक्षक आठवड्यातून एकदा घरी जाई आणि आईबापांना शिकवी. आठवड्यापुरते एखादे लहानसे काम ठरवायचे, स्वतः करून दाखवायचे, त्यांच्याकडून करून घ्यायचे आणि पुढच्या फेरीला किती जमले ते बघायचे. पुढे ही पद्धत भारतातही आली. मला तर आमच्याच खात्याची आठवण झाली. चारसूत्री भाताची १५-२५ सेंटिमीटरची लावणी पत्रक वाचून कोण शिकले? खाचरात उतरून, खुणा केलेली दोरी धरली तेव्हाच ती हाताला बसली.

काशीदच्या एका घरी विशेष शिक्षिका आल्या तेव्हा मी पडवीतच होतो. बाईंनी आधी पोराला हातच लावला नाही. आजीला खाली बसवले, डोळ्यांवर रुमाल बांधला, कानांत कापूस घातला आणि काही न सांगता मागून भाताचा चमचा तिच्या तोंडात सारला. आजी दचकली, हात झटकला, भात लुगड्यावर सांडला. रुमाल सोडल्यावर म्हणाली, "अगं बाय! आम्ही याला रोज असंच भरवतो की."

मग खरे शिक्षण सुरू झाले. जेवणाआधी रोज तोच चमचा पोराच्या हातात द्यायचा, म्हणजे हळूहळू त्याला कळते की आता जेवण. आंघोळीआधी पंचा, बाहेर नेण्याआधी टोपी. माणूस ओळखायलाही खूण. आजीने आपल्या पाटल्यांवर त्याचा हात फिरवायचा, आजोबांनी मिशीवर. (आजोबांना हे भारी आवडले.) मनगट धरून हात ओढायचा नाही, आपला हात खाली, त्याचा वर, म्हणजे नको वाटले तर त्याला काढून घेता येतो. चमच्याने खायला शिकवताना शेवटची पायरी आधी शिकवायची. ताटापासून ओठांजवळ आपण न्यायचा, शेवटचे बोटभर अंतर त्याला कापू द्यायचे. ते जमले की वीतभर. याला महिने लागतात. आणि सर्वांत अवघड काम म्हणजे थांबणे. खूण दिली की मनात वीस आकडे मोजायचे. चूल, गुरे, पाणी यांच्या घाईत हे जड जाते, पण उत्तर द्यायला त्या पोराला तेवढा वेळ लागतोच.

एक गोष्ट मात्र शिक्षकाची वाट न बघता आजपासून पाळा. आडवे निजवून भरवू नका. पाठीला आधार, मान किंचित पुढे, घास लहान. अन्न श्वासनळीत गेले तर छाती भरते आणि जिवावर बेतते. ठसका वारंवार लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र आणि बहुदिव्यांग मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा आणि विशेष शिक्षकाची चौकशी मुरूडच्या गट साधन केंद्रात करा. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, तोही विचारा.

शिक्षक थोडे, गावे फार. दोन भेटींत अंतर पडते. म्हणून बाई येतील त्या दिवशी एकट्या आईला पुढे करू नका. आई लावणीला गेली, आजारी पडली की पोराच्या खुणा जाणणारे घरात कोणी उरत नाही आणि त्याचे बोलणेच बंद पडते. आजोबा, थोरली बहीण, शेजारची काकू, सगळे बसा. प्रत्येकाची खूण निराळी नको. चमचा म्हणजे कोणाच्याही हातून जेवणच. आणि एक वही घाला. रोज एक ओळ पुरे: आपण काय केले, पोराने काय केले. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या नातवंडाकडून लिहून घ्या. बाई पुढच्या खेपेस आल्या की आधी ती वहीच मागतात.