झाडू धरला तरच छप्पर

कुपवाडच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीला माणसं निघतात, तोवर वस्तीतला रस्ता झाडून झालेला असतो. झाडणारी बाई राहते ते घर कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. मी विचारतो, कारण उत्तर मला माहीत आहे आणि त्या उत्तराची मला चीड येते.

माझ्या ओळखीतला एक मुलगा बी.कॉम. झाला. वडील सफाई कामगार, नोकरीत असतानाच गेले. दिवसकार्य उरकलं नाही तोच घरात एकच विषय : महापालिकेची क्वार्टर सोडायची, की बापाच्या जागी लागायचं? आई, दोन बहिणी. तो लागला. त्याला नोकरी मिळाली म्हणून लोकांनी आनंद मानला. मला तो आनंद वाटला नाही. त्या पोरानं झाडू पगारासाठी कमी आणि छपरासाठी जास्त धरला.

लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. तो हक्क काढा, असं मी मुळीच म्हणत नाही. त्यावर कितीतरी घरं तगली आहेत. पण निवारा त्या नोकरीला बांधला, की जातीनं माथी मारलेलं काम पुढच्या पिढीच्याही माथी जातं. शिकलेल्या पोरालाही त्यातून सुटता येत नाही.

खासगी भाड्याच्या घरात असं नाही. सांगलीच्या गावभागात एखाद्या वाड्यातला भाडेकरू वारला, तर त्याच्यासोबत राहणारा मुलगा भाडेकरू होऊ शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 7 मधल्या भाडेकरूच्या व्याख्येतच ते आहे. त्याच कायद्याचं कलम 3 मात्र सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागा वगळतं. म्हणजे खासगी घरमालकावर जे बंधन घातलं, ते सरकारनं स्वतःवर घेतलं नाही. ही लबाडी आहे. ब्रिटननं 1980 च्या गृहनिर्माण कायद्यानं नगरपालिकेच्या भाडेकरूमागे त्याच्या जोडीदाराला किंवा सोबत राहणाऱ्या नातलगाला, एकदा का होईना, भाडेकरू होण्याचा हक्क दिला.

‘क्वार्टर सेवेसाठी असते, नव्या कामगाराला कुठं ठेवायचं?’ असं अधिकारी म्हणतात. नवी घरं बांधा! डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना त्यासाठीच आहे : 25 वर्षं सेवा झालेल्यांना आणि सेवेत मेलेल्यांच्या वारसांना मालकीचं घर. कागदावर हे सगळं आहे.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 साली महापालिका झाली. इथल्या प्रत्येक नगरसेवकाला माझी मागणी आहे : सेवेत गेलेल्या कामगाराच्या घरच्यांना श्रमसाफल्यचं घर मिळेपर्यंत राहत्या क्वार्टरमधून काढायचं नाही, आणि मुलगा झाडू घेतो की नाही, हे त्या घराच्या दारात विचारायचं नाही. सभागृहात हा ठराव मांडा.