पडायला कोण शिकवणार?

व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारला, की शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटते. दोन्ही पक्षांचे म्हणणे ठरलेले असते. एक पक्ष म्हणतो, या मारामारीच्या खेळांनी मुले बिघडतात. दुसरा म्हणतो, अहो, खेळच तो, त्यात काय एवढे! विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या दोन्ही पक्षांत न शिरता एक वेगळाच प्रश्न विचारावा असे मला वाटते. पडद्यावरची ही मारामारी निसर्गाचे नियम कोठे पाळते आणि कोठे मोडते?

हा प्रश्न विचारला की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. या खेळांत मारणे आणि फेकणे मोठ्या हौसेने दाखवलेले असते, पण पडणे जवळजवळ दाखवलेलेच नसते. खऱ्या युद्धकलेचा पहिला पाठ मात्र पडण्याचा असतो. हा पाठ गाळला तर काय होते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

शाळेच्या अंगणातील योद्धे

शाळा हीच रणभूमी मानणाऱ्या खेळांची परंपरा जपानमध्ये जुनी आहे. टेक्नॉस जपान या कंपनीने १९८६ मध्ये ‘नेक्केत्सु कोहा कुनिओ-कुन’ हा खेळ काढला. त्याचा नायक कुनिओ हा शाळेच्या गणवेशातला विद्यार्थी. खेळाचे कर्ते योशिहिसा किशिमोतो यांनी त्यात स्वतःच्या शाळकरी दिवसांतील आठवणी वापरल्या होत्या. हा खेळ ‘रेनेगेड’ या नावाने पाश्चात्त्य देशांत गेला तेव्हा त्यातील शाळा आणि गणवेश काढून टाकण्यात आले.

पुढे १९९७ मध्ये कॅपकॉम या कंपनीचा ‘रायव्हल स्कूल्स’ हा खेळ आला आणि २००० मध्ये त्याचा दुसरा भाग ‘प्रोजेक्ट जस्टिस’. यातील पात्रे मोठी गमतीची आहेत. शोमा बेसबॉलच्या बॅटने लढतो, नात्सु व्हॉलीबॉलचा फटका मारते, रोबेर्तो फुटबॉलला लाथ घालतो. दुसऱ्या भागात टेनिस खेळणारी मोमो आहे आणि नागारे नावाचा पोहणारा गडीही आहे. हिदेओ हे शिक्षक कराटे जाणतात. शाळेच्या दवाखान्यातील परिचारिका क्योको हिनेसुद्धा पदर खोचला आहे! खऱ्या शाळेत जिने जखमेला पट्टी बांधायची, तीच येथे जखमा करते.

या सर्वांत माझे लक्ष वेधून घेते ती पाहुणी म्हणून आलेली साकुरा. हे पात्र मूळचे १९९६ च्या ‘स्ट्रीट फायटर झीरो २’ या खेळातले. ही शाळकरी मुलगी रियू या योद्ध्यावर लुब्ध होऊन त्याचे डावपेच नुसते पाहून उचलते. तिला रीतसर गुरू नाही. पाहिले की आले! पडद्यासमोर बसलेल्या मुलाच्या मनातही नकळत हीच समजूत रुजते. म्हणून साकुरा काय पाहू शकली आणि काय पाहू शकली नाही, हे आपण तपासू.

पडद्यावरचे न्यूटन

प्रथम या खेळांच्या बाजूने बोलू. काळाच्या बाबतीत ते फार काटेकोर असतात. अशा खेळांत पडद्यावरचे चित्र सामान्यतः सेकंदाला ६० वेळा बदलते. चपळ ठोसा उगारल्यापासून लागेपर्यंत अवघी चार-पाच चित्रे जातात, म्हणजे सेकंदाचा सुमारे बारावा भाग. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारणपणे पाव सेकंद, म्हणजे पंधरा चित्रांइतका वेळ लागतो. तेव्हा असा ठोसा पाहून चुकवणे अशक्यच. तो येणार हे आधी ओळखावे लागते. खऱ्या मुष्टियुद्धातही हेच घडते. प्रतिस्पर्ध्याचा खांदा, पाय आणि नजर वाचावी लागते. एवढा धडा खेळाने बरोबर दिला, हे मान्य करायला हवे.

आता दुसरी बाजू. ‘रायव्हल स्कूल्स’मध्ये प्रतिस्पर्ध्याला हवेत उडवायचे आणि पाठोपाठ उडी घेऊन हवेतच त्याला फटके मारत राहायचे, असा डाव आहे. जमिनीवर उभे राहून ठोसा मारताना आपल्याला मिळणारा उलटा धक्का पायांवाटे, घर्षणाच्या साहाय्याने, पृथ्वीला देता येतो. हवेत पायाखाली काहीच नाही. समजा, ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मुलाने ५० किलोग्रॅमच्या मुलाला हवेत फटका मारून सेकंदाला २ मीटर एवढा जादा वेग वरच्या दिशेने दिला. ५० गुणिले २ म्हणजे १०० एकक संवेग त्याने दिला. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच संवेग त्याला खालच्या दिशेने मिळणार. म्हणजे त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.७ मीटरने खाली वळणार. एकाच फटक्यात तो खाली येऊ लागेल. पडद्यावर मात्र दोघेही पतंगासारखे वर तरंगत राहतात. चांगल्या खेळाडूची जागच्या जागी मारलेली उडीसुद्धा त्याचा गुरुत्वमध्य जेमतेम अर्धा मीटर वर नेते, आणि तो सेकंदाच्या दोन तृतीयांशाहून कमी काळात जमिनीवर परततो.

ही झाली गंमत, कारण माणूस उडत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. खरी फसवणूक दुसरीकडे आहे. पडद्याच्या वरच्या कडेला शक्तीची पट्टी असते. मार बसेल तशी ती कमी होते; पण ती केसभर उरली असतानाही पात्र पहिल्याइतक्याच जोमाने लढते आणि पुढच्या फेरीला पट्टी पुन्हा काठोकाठ भरते. शरीराचा हिशेब असा नसतो. तेथे मार कोठे लागला, किती वेळात लागला आणि आधीचा मार भरून आला आहे का, या गोष्टींना महत्त्व असते.

खऱ्या शाळेतील खरा ज्युदो

युद्धकला शाळेत आणण्याची कल्पना खेळ बनवणाऱ्यांची नव्हे. ती शिक्षकांची आहे. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांचा जन्म १८६० चा. अंगकाठी लहान असल्यामुळे विद्यार्थिदशेत त्यांना दांडगट मुलांचा त्रास सोसावा लागला आणि म्हणून ते जुजुत्सु शिकले. पुढे त्यातील घातक डाव वगळून त्यांनी ज्युदो घडवला आणि १८८२ मध्ये तोक्यो येथे कोदोकान ही संस्था स्थापन केली. ते पेशाने शिक्षक होते आणि शिक्षक घडवणाऱ्या तोक्योच्या उच्च प्रशिक्षण विद्यालयाचे दीर्घकाळ प्रमुख होते. ओकिनावा बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसु आंको यांनी कराटे शाळांत नेले, तेव्हा त्यांनीही मुलांसाठी सोपे क्रम बसवून दिले.

ज्युदोचे मर्म शुद्ध यामिकीचे आहे. गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा दोन पावलांनी वेढलेल्या जागेच्या बाहेर गेली, की माणूस पडू लागतो. प्रतिस्पर्ध्याचा तोल आधी असा ढळवायचा आणि मगच फेकायचे. त्यामुळे लहान चणीचा खेळाडूही थोरामोठ्याला उलथवू शकतो. पण नवशिक्याला फेकण्याआधी शिकवतात ते ‘उकेमी’, म्हणजे पडण्याचे तंत्र. हनुवटी छातीकडे ओढायची, नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, पाठ गोलाकार करायची आणि पसरलेल्या हाताने जाजमावर थाप मारायची.

हा पाठ अपुरा राहिला तर काय होते, याचे उत्तर जपाननेच फार मोठी किंमत देऊन मिळवले आहे. १९८३ ते २०११ या काळात तेथील शाळांत ज्युदो खेळताना शंभराहून अधिक विद्यार्थी मृत्यू पावले. त्यांतील अनेकांच्या डोक्याला इजा झाली होती आणि नव्याने शिकू लागलेल्या मुलांचा त्यांत मोठा भरणा होता. पीडित मुलांच्या पालकांनी २०१० मध्ये आपली संघटना उभारली. २०१२ पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीची झाली, तेव्हा या सुरक्षिततेच्या प्रश्नावर तेथे मोठा वाद झाला. उलट फ्रान्समध्ये ज्युदोचे नोंदणी झालेले खेळाडू जपानपेक्षा पुष्कळ अधिक आहेत, आणि तेथे प्रशिक्षकाला सरकारमान्य पात्रता मिळवावी लागते. मला तरी यावरून एवढेच दिसते, की दोष ज्युदोचा नाही; शिकवण्याच्या रीतीचा आहे.

डोके आणि जमीन

आता थोडे गणित करू. दीड मीटर उंचीवरून सोडलेला दगड जमिनीवर आदळताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर असतो. पण दीड मीटर लांबीची ताठ काठी उभी करून, तळ न सरकता, पडू दिली तर तिच्या वरच्या टोकाचा वेग सुमारे ६.६ मीटर भरतो! टोकाचा वेग सुट्या दगडाहून अधिक का, हे वरच्या इयत्तेतील विद्यार्थ्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून पडताळून पाहावे. तात्पर्य असे, की काठीसारखे ताठ राहून मागे पडणाऱ्या माणसाचे डोके सुट्या दगडाहूनही वेगाने जमिनीवर येऊ शकते. पाठ गोल करण्याचे कारण येथे कळते.

पुढचा प्रश्न थांबण्याचा. हे डोके एका सेंटीमीटरच्या अंतरात थांबले तर त्याचे ऋण त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे २२५ पट होते. तेच पाच सेंटीमीटरमध्ये थांबले तर ४५ पट. वेग तोच, डोके तेच. फरक फक्त चार सेंटीमीटरांचा. फरशी आणि गादी यांतील भेद तो हाच. आपल्या तालमीतील वस्तादांना हे सूत्र कोणी शिकवले नव्हते. पण हौदातील लाल माती रोज खणून, तेल-ताक घालून मऊ ठेवण्याचा त्यांचा दंडक याच नियमाला धरून आहे.

आणखी एक बाब आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. डोके जमिनीला लागलेच नाही तरीही मेंदूला इजा होऊ शकते. एका वाटीत पाणी घ्या, त्यावर कागदाचा कपटा टाका आणि वाटी जागच्या जागी झटक्याने फिरवा. वाटी फिरते, पण कपटा बराचसा जागीच राहतो. हे जडत्व. मानेला हिसका बसून कवटी गर्रकन फिरली, की मेंदूही असाच मागे रेंगाळतो. मेंदूचा पृष्ठभाग आणि कवटीच्या आतील आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा अशा वेळी ताणल्या जातात आणि तुटूही शकतात. मग रक्त हळूहळू साचते व मेंदूवर दाब येतो. काही वेळा मुलगा आधी ठीक दिसतो आणि नंतर कोसळतो. हनुवटी छातीशी धरायची ती याचसाठी. त्यामुळे डोके आणि धड एकत्र फिरतात आणि मानेला हिसका बसत नाही.

साकुराला यातले काय दिसले असते? रियूचा हात, रियूचा पाय. आवळलेली मान, जमिनीने दिलेली प्रतिक्रिया, जाजमाची जाडी आणि वर्षानुवर्षे केलेला पडण्याचा सराव, यांतले काहीही नुसत्या नजरेला दिसत नाही. पाहून डाव कळतो; पण तो अंगी येत नाही आणि त्याची जोखीम तर मुळीच कळत नाही.

मग करायचे काय?

हे खेळ बंद करा, असे मी म्हणणार नाही. बंदी घातलेली वस्तू अधिकच गोड लागते. शिवाय चूक शोधण्यासाठी एवढे मनोरंजक साधन वर्गात सहसा मिळत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी एखाद्या तासाला असा खेळ जरूर दाखवावा आणि संवेग कोठे नाहीसा झाला, ते मुलांना हुडकायला लावावे.

पण ज्या शाळेत कराटे किंवा ज्युदोचे वर्ग चालतात, तेथील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीही तीन प्रश्न विचारायला संकोच करू नये. खाली गादी आहे का? शिकवणाऱ्याची पात्रता काय? पहिले काही आठवडे पडण्याचा सराव होतो का? स्नेहसंमेलनात टाळ्या मिळतात त्या फेकण्याला. पडण्याला कोणी टाळी वाजवत नाही. म्हणूनच हे प्रश्न विचारावे लागतात. फरशीवर किंवा सिमेंटच्या अंगणात फेकाफेकीची प्रात्यक्षिके करणे तर साफ नाकारावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, मधल्या सुट्टीत पडद्यावरचा डाव मित्रावर करून पाहण्याचा मोह होईल, तेव्हा ती काठी आणि ती वाटी आठवा. डोक्याला मार किंवा हिसका बसून डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली किंवा गुंगी वाटली, तर खेळ तेथेच थांबवावा, लगेच मोठ्यांना सांगावे आणि डॉक्टरांना दाखवावे. त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये. पहिली इजा भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार फार घातक ठरू शकतो. आपल्या डोक्यावर शक्तीची पट्टी लावलेली नाही. ती किती उरली हे बाहेरून दिसत नाही आणि पुढच्या फेरीला ती आपोआप भरतही नाही.