१८७५ चे रोखे आणि कुणब्याची लाज

संपादक महाशयांस,

आपल्या गतांकातील कर्जबाजारीपणावरील लेखात १८७५ च्या दंग्याचा दाखला देऊन, नगर जिल्ह्यातील कुणब्यास देणे बुडविण्याची लाज कधीच नव्हती, असा जो निष्कर्ष काढला आहे, तो वस्तुस्थितीस सोडून आहे. पुणे जिल्ह्यातील सुप्यास उद्भवून पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांत पसरलेल्या त्या क्षोभाचा रोख सावकाराच्या दस्तऐवजांवर होता. रोखे व हुकूमनामे जेथे मुकाट्याने हवाली झाले, तेथे बहुधा पुढे काही घडले नाही, हे सरकारी चौकशी कमिशननेच नमूद केले आहे.

ज्या खतावर निरक्षर रयत ‘निशाणी नांगर’ करी, त्यात मुद्दल किती आणि व्याजाचे मुद्दल केव्हा झाले, हे तिला ठाऊक नसे. पावती मिळत नसे. आणि एकतर्फी हुकूमनाम्याने जमीन जाई. म्हणूनच १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशास रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्यास सांगितले व पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैद करणे बंद केले. बुडव्यांच्या सोयीसाठी सरकार असा कायदा करीत नसते.

हंगाम बुडाला की सोसायटीची बाकी थकते, एवढे मान्य. परंतु थकबाकीदारांच्या यादीत नाव लागल्यापासून चावडीवर बसणे सोडून देणारी आणि वडिलांचे देणे फिटेपर्यंत घरात कार्य न काढणारी माणसे आमच्या गावी आहेत. त्यांस निर्लज्ज ठरविण्यापूर्वी लेखकमहाशयांनी एकवार इकडे यावे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. पारनेर