आजींचे बंदर



नाताळची सुट्टी लागली की आमच्या कॅम्पात घरोघरी एक प्रश्न निघतो : यंदा समुद्रावर कधी जावयाचे? समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर राहणाऱ्या आम्हां बेळगावकरांना समुद्राची ओढ असावी, यात नवल नाही. गेल्या सुट्टीत आम्हीही बेत केला. पहाटे मोटारीने निघावे, आंबोली घाट उतरून सावंतवाडी, तेथून तेरेखोल, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने रेडी, शिरोडा, मोचेमाड करीत वेंगुर्ल्यास यावे. रात्री आपल्या घरी. एका दिवसात सहा ठिकाणे! मुलाने ती कागदावर क्रमवार लिहूनही काढली.

गाडीत आम्ही चौघे. पाचवी जागा मोकळी होती. आमच्या आळीत एक वृद्ध आजी एकट्याच राहतात. त्यांचे माहेर वेंगुर्ल्याचे, एवढे आम्हांस ठाऊक होते. "येता का?" म्हणून सहज विचारले. आजी क्षणभर बोलल्या नाहीत. मग इतक्या वर्षांत बेळगावी वळणाची झालेली त्यांची भाषा एकाएकी मागे गेली आणि त्या म्हणाल्या, "पुता, माका एकदा बंदर दाखय." मी "हो, हो, अवश्य" म्हणालो. किती हलकेपणाने म्हणालो, ते पुढे सांगतो.

हिंडलगा, सुळगा, बाची मागे टाकून शिनोळीपाशी आम्ही महाराष्ट्रात शिरलो. आजी बारा वर्षांच्या असताना, 1953 साली, एस.टी.ने याच रस्त्याने कॅम्पात आल्या. एका घरी मुले सांभाळण्याचे काम मिळाले होते. त्या वेळी बेळगाव आणि वेंगुर्ले दोन्ही मुंबई राज्यातच होती. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर वाटेत ही सीमा आली.

वाचकहो, हा रस्ता आपल्या कॅम्पाच्या जन्माशी बांधलेला आहे. 1812 मध्ये सावंतवाडीकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे आले आणि 1818 मध्ये बेळगावचा किल्ला त्यांच्या हाती पडला. पुढे छावणी वसली, तेव्हा तिला लागणारे सामान समुद्रमार्गे वेंगुर्ल्यास उतरे आणि बैलगाड्यांतून घाट चढून वर येई. प्रथम रामघाटाने, आणि पारपोलीचा, म्हणजे आजचा आंबोलीचा, घाटरस्ता झाल्यावर त्या मार्गाने. 1880 च्या दशकात बेळगावला आगगाडी आली, मुरगाव बंदराशी लोहमार्ग जोडला गेला आणि वेंगुर्ल्याची ती वर्दळ ओसरली. तरी मुंबईची आगबोट मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे वेंगुर्ल्यास थांबत असे.

आंबोलीस चहा घेतला. वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडणारे हे गाव डिसेंबरात धुक्याची शाल पांघरून बसले होते. येथे उगम पावणारी हिरण्यकेशी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस गडहिंग्लज, संकेश्वराकडे जाते. पत्नीने ही गोष्ट मुलांना सांगितली, तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, "माझ्यासारखीच की ती!"

सावंतवाडीस मोती तलाव पाहिला. लाकडी खेळण्यांच्या दुकानांत अपेक्षेपेक्षा तासभर अधिक गेला. मळेवाडवरून किनाऱ्याकडे वळलो आणि तेरेखोलच्या किल्ल्यावर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. खाडीच्या उत्तर तीरावर असूनही हा किल्ला गोव्यात मोडतो. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला होता. 1954 च्या 15 ऑगस्टला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी येथे शिरून तिरंगा फडकाविला आणि त्याबद्दल तुरुंगवास भोगला. किल्ल्याच्या आत संत अंतोनीचे लहानसे चर्च आहे. आपल्या कॅम्पातील संत अंतोनीच्या चर्चची आठवण होऊन आजींनी क्रुसाची खूण केली. आम्ही छायाचित्रे काढण्यात गुंतलो. बुरुजावरून, तटावरून, पुन्हा बुरुजावरून!

शिरोड्यास जेवलो. भात, बांगड्याची आमटी आणि सोलकढी. 1930 च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला तो याच गावी. वि. स. खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत येथील शाळेत शिक्षक होते, हे मी मुलांना मोठ्या अभिमानाने सांगितले. मुलांचे लक्ष अर्थातच लाटांकडे होते. सुरूच्या सावलीत आजी आमची पादत्राणे राखीत बसल्या. दोन वेळा त्यांनी सूर्याकडे पाहिले. माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. मोचेमाडच्या टेकडीवर गाडी पुन्हा थांबली, कारण तेथून किनारा फारच सुंदर दिसत होता.

वेंगुर्ल्याच्या बाजारात शिरलो तेव्हा सहा वाजत आले होते. या गावी 1957 पासून फळ संशोधन केंद्र आहे. 'वेंगुर्ला-4', 'वेंगुर्ला-7' या काजूच्या जाती येथल्याच. चंदगड, बेळगाव भागातील शेतकऱ्यांना ही नावे नवी नाहीत. ते केंद्र पाहण्याचा विचार सोडून द्यावा लागला. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "घाटात धुके उतरण्यापूर्वी आपण निघू या. बंदर गाडीतूनच पाहू."

आजी म्हणाल्या, "बरे, बाबा."

त्या दोन शब्दांत तक्रारीचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच ते मला झोंबले. माझ्या धाकट्या मुलीने विचारले, "आजी, तुम्हांला बंदरावर काय पाहायचे होते?"

तेव्हा त्यांनी सांगितले. त्यांचे वडील बंदरातील पडावावर वल्हे मारीत. आगबोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून धक्क्यावर आणावे लागे. मुलगी कॅम्पास निघाली त्या दिवशी त्यांना काम सोडता आले नाही, एस.टी.पर्यंत पोहोचविण्यास ते आले नाहीत. आदल्या संध्याकाळी धक्क्यावरच त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिसऱ्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, ते वारले. घाटात दरड कोसळून वाहतूक बंद होती. निरोप कॅम्पात पोहोचला तेव्हा दफनविधी होऊन चार दिवस झाले होते. त्यानंतर आई मामाकडे मुंबईस गेली आणि वेंगुर्ल्यास जाण्याचे कारणच उरले नाही. "कबर कुठली ते कोणाला ठाऊक! पण धक्का तर ठाऊक आहे," आजी म्हणाल्या.

सत्तर वर्षांहून अधिक काळ ही बाई आमच्या आळीत राहिली. तिच्या हातची पेज आम्ही आजारपणात प्यालो. आणि तिचे माहेर वेंगुर्ल्याचे, याहून अधिक आम्ही कधी विचारलेही नव्हते!

गाडी बंदरावर नेली. सूर्य पाण्यास टेकला होता. मासेमारीच्या होड्या दोरांना बांधलेल्या होत्या. मुलीचा हात धरून आजी धक्क्यावर चालत गेल्या आणि एका जागी उभ्या राहिल्या. ती जागा नेमकी तीच होती का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, ओठ पुटपुटले. आम्ही मागे उभे होतो. हळूहळू अंधार झाला आणि दूर समुद्रात, वेंगुर्ल्याच्या खडकांवरील दीपगृहाचा उजेड लुकलुकू लागला. आजी म्हणाल्या, "बाबा सांगायचे, तो दिवा दिसला की घर आले समजायचे."

आम्ही साडेसातपर्यंत तेथेच बसलो. घाटात धुके भेटलेच. गाडी पावलापावलाने चढवावी लागली आणि घरी पोहोचण्यास मध्यरात्र उलटली. आजी वाटेत गाढ झोपल्या होत्या. मुलाच्या कागदावरील सहापैकी पाच ठिकाणांची आज मला धड आठवण नाही.

वाचकहो, मोटार आता पुष्कळ घरी आली आहे. बैलगाडीला कित्येक दिवसांची असलेली वाट आपण तीन-चार तासांत उतरतो. परंतु ज्याची गाडी त्याचाच दिवस, असे आपण नकळत धरून चालतो, आणि मोकळ्या जागेवर बसविलेल्या माणसाला आपल्या यादीच्या शेवटी ठेवतो. पुढच्या सुट्टीत आपणही कोठे निघालात, तर गाडीत एक जागा शेजारच्या वृद्धासाठी राखा. आणि निघण्यापूर्वी त्यांना विचारा, "तुम्हांला कोठे जावयाचे आहे?" जे ठिकाण ते सांगतील, तेथे प्रथम जा. उरलेली ठिकाणे कोठे पळून जात नाहीत.