पाइपातली दोरी

गेल्या दिवाळीत मामाकडे मुकुटबनला गेलो होतो. वणी-आदिलाबाद रेल्वेलाइनवरचं, झरी-जामणी तालुक्यातलं गाव. मामाने घरावर मजला चढवलाय. "तू कम्प्युटरवाला ना? मंग नेटच्या वायरी तूच टाक," असं फर्मान निघालं. मी म्हटलं, त्यात काय! दहा वर्षं कोड लिहितोय, एक वायर ओढता येणार नाही?

नाही आली, मंडळी.

भिंतीत २० मिमीचा पाइप, वाटेत दोन काटकोनी वळणं, आणि मी हौसेने कॅट सिक्सच्या सहा वायरींची मोळी बांधली. ती निम्म्या वाटेत अडकली. मग मी आणि मामेभाऊ रस्सीखेच खेळलो. आली एकदाची बाहेर. स्विचवर लाइट लागले, नेट चाललं, मामीने चहा दिला. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन वायरींवर गिगाबिटऐवजी फक्त १०० एमबीपीएस! कारण साधं आहे. १०० साठी आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. ओढाताणीत एखादी तुटली की स्विच गुपचूप खालच्या वेगावर उतरतो. तक्रार करत नाही.

शेवटी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने पाइपात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, पाइपात वायरीपेक्षा हवा जास्त पायजे. अन् बैलावानी काहून वढता?"

पुस्तकी नियमही हेच सांगतात. पाइपाचा फार तर ४० टक्के भाग भरावा, आणि ओढताना साधारण ११ किलोपेक्षा जास्त जोर लावू नये. मी तर पाऊण पाइप भरला होता! त्याने मोळी बाहेर काढली, तीनच वायरी टाल्कम पावडर लावून अलगद आत घेतल्या. सोबत एक नायलॉनची दोरी पाइपातच सोडून दिली.

"ही कशाला?"

"माह्यानंतर जो येईन, त्याच्यासाठी."

मामा त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस करत होते, आणि मला कानकोंडं झालं. बिघडवलं मी, निस्तरलं त्याने, आणि भाव पाडायचा तोही त्याचाच?

आता कोणी म्हणेल, वायफायच्या जमान्यात वायरी कशाला? अहो, वायफाय म्हणजे शेवटचे काही मीटर. आरसीसीच्या भिंतींपलीकडे ते धापा टाकतं, मग दुसऱ्या खोलीत दुसरा डबा लावायचा, तर त्यालाही वायर हवीच. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना सरकारने २०११ साली मंजूर केली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. फायबर गावापर्यंत येईल हो, पण घरातले शेवटचे वीस मीटर आपल्यालाच सांभाळायचे आहेत.

तेव्हा फ्लॅट बुक करणाऱ्यांनो, मॉड्युलर किचनचं कौतुक झालं की बिल्डरला एवढं विचारा: नेटचा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा आहे का? किमान २५ मिमीचा आहे का? वळणं गोलसर आहेत का? आत दोरी आहे का? आणि प्लास्टर व्हायच्या आधी भिंतींचे फोटो काढून ठेवा. आज हे जवळजवळ फुकटात होतं, नंतर भिंत फोडावी लागते.

बाकी आपल्या धंद्याबद्दल काय बोलावं! आपणही लाइट लागला की "डन" म्हणून मोकळे होतो. पुढच्यासाठी दोरी सोडतो का कोणी?

असो. सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी एका जुन्या मॉड्यूलचं डॉक्युमेंटेशन लिहायला घेतलं. दोन वर्षं राहून गेलं होतं.