खंडेनवमीपुरती श्रमपूजा

औंढा नागनाथ म्हटले की आजवर ज्योतिर्लिंगच आठवे. आता तेथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली. सुशिक्षित घरांतून चर्चा झाली ती शास्त्रज्ञांची, आइनस्टाइनची. पत्र्याची आठवण कोणालाच झाली नाही!

वस्तुतः या वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा म्हणजे पोलादी नळ्या. अमेरिकेतील मूळ लायगोत सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा न गंजणारा पत्रा सर्पिलाकार वळवून, सांधून त्या घडविल्या गेल्या. सांध्यातून सूक्ष्म गळती झाली तरी आतील निर्वात पोकळी बिघडते. विश्वाचा वेध असा सांधणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो.

हिंगोलीला हे काम परके नाही. वसमतची हळद ज्या कुकरमध्ये वाफेवर शिजते आणि ज्या ढोलात घासून झळाळते, ते पत्राकामच. सपाट पत्र्यावर शंकूचा विस्तार आखणे ही भूमिती आहे. कातर चालविण्यापूर्वी संपूर्ण आकार डोळ्यांपुढे असावा लागतो. तरीही आमच्या लेखी आयटीआय म्हणजे नापासांचा आश्रम!

याचे खापर मेकॉलेवर फोडून आपण मोकळे होतो. पण स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षे लोटली. आता दोष कोणाचा? खंडेनवमीला हातोड्यावर फूल वाहणारे आपणच, आणि मुलीसाठी स्थळ पाहताना हातोडा धरणारा हात नाकारणारेही आपणच. मुलगा पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांत उमेदीची वर्षे घालवील, ते चालते. वर्षभर पत्राकाम शिकून स्वतःच्या पायावर उभा राहिला, तर मान खाली जाते.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली विश्वकर्मा योजना लोहारासह १८ व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपये देते. शासन अवजारे देईल. प्रतिष्ठा समाजानेच द्यायची असते.

म्हणून जिल्ह्यातील आयटीआयतले पत्राकाम व वेल्डिंगचे शिक्षण या प्रकल्पाशी आजच जोडले गेले पाहिजे, आणि आपल्या घरातील मुले तेथे गेली पाहिजेत. अन्यथा औंढ्यात विश्वाचे रहस्य उलगडेल, आणि हिंगोलीचा तरुण त्याच वेधशाळेच्या फाटकावर पहारा देत उभा असेल.